विद्वत्तेची आणेवारी

विद्वानाची योग्यता कशी मोजावी हा प्रश्न शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं, असें प्रथमदर्शनीं पुष्कळांस वाटेल. परंतु कोणतें बियाणें पेरावें, खत किती द्यावें आणि पीक बुडाल्यास नुकसान किती धरावें, या तिन्ही गोष्टी आज कोणा ना कोणा संशोधकाच्या कामावरून ठरतात. तो संशोधक पुढें येतो कीं मागें पडतो, त्याच्या कामास पैसा मिळतो कीं नाहीं, हें अलीकडे एका विशिष्ट मोजणीवर बरेंच अवलंबून राहूं लागलें आहे. त्यानें छापलेले निबंध किती, व त्या निबंधांचा उल्लेख इतर विद्वानांनीं आपल्या लिखाणांत किती वेळां केला, ही ती मोजणी होय. धान्य घालावयास गेलेला शेतकरी आधीं मापाकडे पाहतो. मग ज्या मापानें आपले शेतकी संशोधक मोजले जातात, तें माप खरें कीं खोटें हें त्यानें पाहूं नये काय? यासाठीं तें माप आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, व उदाहरणासाठीं आपल्याच मुलखांत जन्मलेल्या एका संशोधकाचें काम घेत आहों.

मापाची उत्पत्ति

विद्वान मनुष्य निबंध लिहितो तेव्हां आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला हें तो नमूद करतो. ही रीत जुनी व चांगली आहे. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत असें सुचविलें कीं, या नोंदी उलट बाजूनें लावाव्या. म्हणजे एखाद्या निबंधाचा आधार पुढें कोणीं कोणीं घेतला हें एका ठिकाणीं पाहावयास मिळेल. १९६४ सालीं त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेनें अशी सूचि रीतसर सुरू केली. ही कल्पना त्यांस वकिलांच्या एका सूचीवरून मिळाली होती. अमेरिकेंत १८७३ पासून ‘शेपर्ड’ या नांवाची सूचि निघे व एखादा निकाल पुढील कोणत्या खटल्यांत दाखल्यादाखल आला हें तींत पाहतां येई. मात्र वकिलांच्या सूचींत एक खूण असे. पुढील न्यायाधीशानें तो निकाल मान्य केला कीं फिरविला, हें त्या खुणेवरून कळे. विद्वानांच्या सूचींत ती खूण आली नाहीं, नुसती संख्या आली. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

हें साधन मूळचें वाट दाखविणारें. एखाद्या किडीवर अथवा बियाण्यावर पूर्वीं काय काम झालें व तें पुढें कोणीं नेलें, हें शोधण्यास तें अजूनहि फार उपयोगी पडतें. परंतु जेथें मोजण्याजोगी वस्तु दिसली तेथें कारभारी मनुष्य ती मोजल्यावांचून राहत नाहीं. वाटाड्यास लवकरच मोजणीदार करण्यांत आलें. २००५ सालीं हिर्श नांवाच्या अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्त्यानें सबंध खात्याचा एकच आंकडा काढण्याची युक्ति सांगितली. ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकीं निदान दहा उल्लेख मिळाले त्याचा अंक दहा. वीस निबंधांस प्रत्येकीं निदान वीस मिळाले त्याचा अंक वीस. रीति सोपी, म्हणून ती झपाट्यानें पसरली.

तिचा दोषहि त्या सोपेपणांतच आहे. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशाचे नियम शोधून काढणारा मेंडेल घ्या. त्याचा निबंध १८६६ सालीं ब्र्यून शहरांतील एका स्थानिक मंडळाच्या वृत्तांतांत छापला गेला. पुढें १९०० सालीं तिघां संशोधकांस तेच नियम पुन्हां सांपडले, तोंपर्यंतच्या चौतीस वर्षांत त्या निबंधाची विचारपूस फारशी कोणीं केली नाहीं. वनस्पतींच्या संकरावर त्याचे मुख्य निबंध दोनच. तेव्हां एकास हजारों उल्लेख मिळाले तरी त्या दोहोंवर त्याचा अंक दोनाच्या पुढें जाणार नाहीं. संकरित बियाण्याचें सारें शास्त्र ज्याच्या नियमांवर उभें आहे, त्याची किंमत दोन!

एका माणसाचीं चार शेतें

आतां आमच्या उदाहरणाकडे वळूं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून १९३२ सालीं गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले व नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत संख्याशास्त्र शिकले. फिशर, नेमन व पिअर्सन हे या शास्त्राचे धुरीण त्या वेळीं तेथें होते. पैकीं फिशर हे रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत चौदा वर्षें राहून शेतांतील प्रयोगांची मांडणी नव्यानें बसवून आलेले. गणित व शेत यांची सांगड कशी घालावी, हें सुखात्मे यांस अशा रीतीनें उगमापाशींच पाहावयास मिळालें. पुढील आयुष्यांत त्यांनीं जें काम केलें त्याचीं चार शेतें मानतां येतील.

पहिलें शेत शुद्ध गणिताचें. संख्यांच्या विभागणीशीं संबद्ध असा त्यांचा एक निबंध १९३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. असला निबंध वाचणारे सगळ्या जगांत थोडेच.

दुसरें शेत नमुना-पाहणीचें. पोत्यांत परखी खुपसून मूठभर दाणे काढावयाचे व त्यावरून सबंध पोत्याचा भाव ठरवावयाचा, हें बाजारांत रोज चालतें. ती मूठ कशी काढली असतां भाव खरा ठरेल व चूक किती राहील, हें सांगणारें हें शास्त्र आहे. १९३५ सालच्या निबंधापासून १९५४ सालीं निघालेल्या मोठ्या ग्रंथापर्यंत त्यांचें हें काम चाललें.

तिसरें शेत खरोखरीचें शेत. १९४० सालीं ते दिल्लीस शेतकी संशोधन परिषदेंत आले. त्या काळीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होई. गांवकामगारानें बांधावर उभें राहून नजर टाकावी, पीक आठ आणे कीं दहा आणे तें ठरवावें, आणि सरासरी मानलेल्या उत्पन्नावर तो हिशेब बसवावा, अशी ती रीत. नजर भिडेनें हलते, भीतीनें हलते, आणि सवलतीच्या आशेनेंहि हलते; महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें निराळें सांगावयास नको. सुखात्मे व कापसाच्या संशोधनांतून आलेले विनायक गोविंद पानसे यांनीं नजरेच्या जागीं विळा आणला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गांव निवडावें, त्यांतील सर्व्हे नंबर निवडावा, शेतांतील जागाहि तशीच निवडावी. तेथें ठराविक मापाचा तुकडा आंखून पीक कापावें, मळावें आणि वजन करावें.

तुकडा केवढा घ्यावा यावर मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगालमध्यें पिकांच्या नमुना-पाहणीचा पाया आधींच घातला होता, आणि त्यांचा कल लहान तुकड्यांकडे असे. सुखात्मे यांचें म्हणणें असें कीं, लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवितो. कारण हिशेबानें पटण्याजोगें आहे. ३३ फूट लांब व १६॥ फूट रुंद असा तुकडा म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. त्याचें क्षेत्र ५४४॥ चौरस फूट व कड ९९ फूट, म्हणजे दर शंभर चौरस फुटांस कड सुमारें १८ फूट. चार फूट त्रिज्येचें वर्तुळ घेतलें तर क्षेत्र सुमारें ५० चौरस फूट व कड सुमारें २५ फूट, म्हणजे दर शंभरास ५० फूट. कडेवर उभें असलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाराचा हात तें आंत ओढतो. जेथें कड जास्त तेथें अशीं रोपें जास्त, व उत्पन्नाचा आंकडाहि जास्त. ही गोष्ट त्यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत मांडली. आज आपल्याकडे बहुतेक पिकांसाठीं १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आंखतात. त्याचें क्षेत्र सुमारें ५३८ चौरस फूट भरतें, म्हणजे त्या जुन्या तुकड्याइतकेंच जवळजवळ.

चौथें शेत अन्नाचें. १९५१ पासून १९७१ पर्यंत ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगांत उपाशी लोक किती, या विषयावर त्यांनीं १९६१ सालीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें निबंध वाचला, व पुढें त्या संस्थेनें त्यांस रौप्यपदक दिलें. त्या काळीं गरीब देशांत प्रथिनांचाच दुष्काळ आहे असें पुष्कळ तज्ज्ञ मानीत. सुखात्मे यांनीं आहाराचे आंकडे तपासून दाखविलें कीं, भाकरी व डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनें बहुधा पुरेशीं मिळतात. उणीव मुख्यतः पोटभर अन्नाची आहे. पुढें जाणत्यांचें मत बरेंचसें त्या बाजूस वळलें. १९७१ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. निवृत्तीनंतर ते पुण्यास राहिले व १९९७ सालीं वारले.

प्रत पाहिल्यावांचून आकार नको

या चार शेतांचें उत्पन्न एकाच मापानें मोजून बेरीज केली तर काय होईल? गणिती लोक आपल्या निबंधांत आधार थोडे देतात. वैद्यकाच्या व पोषणाच्या निबंधांत ते पुष्कळ असतात व लिहिणारेहि पुष्कळ. तेव्हां पोषणावरील सामान्य निबंध गणितांतील उत्कृष्ट निबंधास संख्येनें सहज मागें टाकील. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत मोजणी आरंभून मुंबई इलाख्याची जमाबंदी बसविली. त्या पद्धतींत जमिनीच्या खोलीवरून व रंगावरून नऊ प्रती केल्या गेल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. मुरमाड जमिनींतील चार मण व काळ्या जमिनींतील चार मण हे एक नव्हेत, एवढें त्या साहेबांस कळलें होतें. विद्वत्तेची जमाबंदी करणाऱ्यांनींहि विषयाविषयाची प्रत आधीं ठरविली पाहिजे. कांहीं विचारी मंडळी तसा हिशेब करतातहि. पण घाईच्या निवडीच्या वेळीं उघडा आंकडाच पुढें येतो.

दुसरी अडचण ग्रंथांची. उल्लेख-सूचि मुळांत नियतकालिकांसाठीं केलेली. ग्रंथ तींत नीट बसत नाहींत. पानसे व सुखात्मे या दोघांनीं मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठीं संख्याशास्त्राच्या पद्धतींवर लिहिलेला ग्रंथ १९५४ सालीं निघाला. आपल्या शेतकी कॉलेजांतील प्रबंध उघडून पाहावा. प्रयोगाचे आंकडे कसे तपासले हें सांगतांना पानसे-सुखात्मे यांचें नांव वारंवार आढळेल. परंतु त्या उल्लेखांतहि दोन जाती आहेत. एकानें ग्रंथ वाचून, समजून, त्याप्रमाणें वाफे पाडलेले असतात. दुसऱ्यानें मागील वर्षाच्या प्रबंधांतून ती ओळ उतरून घेतलेली असते. मोजणाऱ्यास दोन्ही सारखे.

तिसरी अडचण अनुकूल व प्रतिकूल यांच्या भेदाची. अखेरच्या काळांत सुखात्मे यांनीं असें प्रतिपादिलें कीं, शरीर आपली गरज कांहीं मर्यादेंत स्वतःच सांवरून घेतें. यास्तव सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक मनुष्य कुपोषित धरूं नये. या मतावर १९८१-८२ च्या सुमारास मोठा वाद माजला. पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीं त्यास कसून विरोध केला. अशानें खरोखर उपाशी असलेले लोक गणतींतून गळतील, असें विरोधकांचें म्हणणें. वादामुळें सुखात्मे यांच्या निबंधांचे उल्लेख वाढले. विरोधकानें केलेला प्रत्येक उल्लेखहि त्यांच्याच खात्यावर जमा झाला. वकिलांच्या सूचींतील ती खूण येथें असती तर जमेबरोबर वजावाटहि दिसली असती.

चौथी अडचण नांवाची. नमुना-पाहणीच्या ग्रंथाची १९७० सालची आवृत्ति पां. वा. सुखात्मे यांनीं बी. व्ही. सुखात्मे यांच्यासह काढली, आणि उष्णता व सौरऊर्जा यांवरचे ग्रंथ सुहास सुखात्मे यांचे आहेत. आडनांवावरून शोधणारा घाईचा कारकून तिघांची जमीन एकाच खात्यावर चढवील. गट नंबर न पाहतां उतारा काढल्यास जें होतें तेंच हें.

ज्या उपयोगाची नोंद नाहीं

इतकें झालें तरी ह्या अडचणी हिशेबाच्या आहेत व हिशेबानें कमी होतील. खरी उणीव निराळी आहे. सुखात्मे व पानसे यांनीं घालून दिलेल्या पीककापणीच्या रीतीनें दर हंगामांत गांवोगांव तुकडे आंखले जातात. महसूल, ग्रामपंचायत व कृषि या खात्यांचे लोक दोरी धरतात, खुंट्या मारतात, कापलेलें पीक मळून वजन करतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत मंडळाचें सरासरी उत्पन्न अशा कापणी प्रयोगांवरून काढावें, व तें उंबरठा उत्पन्नाहून जितकें कमी भरेल त्या मानानें भरपाई द्यावी, अशी तरतूद ठेवण्यांत आली. म्हणजे एका तुकड्यांत किती किलो भरले यावर शेकडों कुटुंबांचें वर्ष अवलंबून राहतें. परंतु कापणीच्या तक्त्याखालीं ‘आधार : पानसे व सुखात्मे’ असें कोणी लिहीत नाहीं. जगांतील कोणत्याहि उल्लेख-सूचींत हा उपयोग चढत नाहीं.

तीच गोष्ट बियाण्याची. सोलापूर जिल्ह्यांत मोहोळच्या केंद्रावर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी अद्याप आपल्या शेतांत उभी आहे. भाकरीची चव, कडब्याची गोडी व कोरडा सहन करण्याची शक्ति यांमुळें शेतकऱ्यानें तिला सोडलें नाहीं. पेरणारा शेतकरी पेरतांना तळटीप देत नाहीं. तात्पर्य, उल्लेखांची वही ही विद्वानांच्या आपसांतील देण्याघेण्याची वही आहे. शेताचें विद्वानाकडे जें देणें लागतें तें तिच्यांत लिहिलेलेंच नसतें.

आंकडा फुगतो कसा

माप हेंच साध्य झालें म्हणजे मापांत भेसळ सुरू होते. एका प्रयोगाचे चार तुकडे करून चार निबंध छापावयाचे. आपल्याच जुन्या निबंधांचा आपणच उल्लेख करावयाचा. दोघांतिघांनीं एकमेकांस उल्लेख उसने द्यावयाचे. आणि पैसे भरले कीं कांहींहि छापणाऱ्या नियतकालिकांचा आश्रय करावयाचा, हे प्रकार सर्व जगांत बोकाळले आहेत. २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या संपादकांनीं व संशोधकांनीं असें जाहीर केलें कीं, निबंध कोणत्या नियतकालिकांत छापला त्या नियतकालिकाच्या अंकावरून संशोधकाची किंमत करूं नये, कामाचा गुण पाहावा. पुष्कळ संस्थांनीं त्यावर सह्या केल्या. तथापि सही करणें व वागणूक बदलणें यांत अंतर असतें.

याचा फटका शेतकऱ्यास कसा बसतो तें सांगतों. ज्या संशोधकास पदोन्नतीसाठीं निबंध मोजून दाखवावयाचे आहेत, तो तीन वर्षें एका वाणाच्या मागें उन्हांत उभा राहील, कीं तीन महिन्यांत दोन निबंध होतील असा विषय घेईल? तो मराठींत शेतकऱ्यासाठीं लिहील, कीं ज्या भाषेंत उल्लेख मिळतात त्या भाषेंत? राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आपल्या विद्यापीठांत मन लावून शेतावर राबणारे लोक आहेत; त्यांच्या राबण्याचें वजन वहींत पडलें नाहीं तर पुढील पिढी राबणार नाहीं. नुकसान विद्यापीठाचें थोडें, आपलें अधिक.

आपलें कर्तव्य

यावर नुसती तक्रार करून चालणार नाहीं. उल्लेख हें मुळांत कृतज्ञतेचें व सचोटीचें कृत्य आहे. तें आपणहि केलें पाहिजे. आमच्या अल्पमतीप्रमाणें पुढील गोष्टी प्रत्येक शेतकऱ्यास करतां येण्याजोग्या आहेत.

एक, आपल्या शेताची वही ठेवावी. कोणता वाण कोठून आणला, कोणाच्या सल्ल्यानें पेरला, बी किती, खत किती, उत्पन्न किती, हें साल घालून लिहावें. फायदा झाला तर लिहावेंच. तोटा झाला तरीहि लिहावें, कारण ती खूणच विद्वानांच्या सूचींत राहिलेली नाहीं.

दोन, मासिकांत अनुभव कळवितांना ‘एका तज्ज्ञाच्या सल्ल्यावरून’ असें मोघम न लिहितां वाणाचें नांव, केंद्राचें नांव व सल्ल्याचें साल द्यावें. छापून आलेली अशी नोंद संशोधकास आपल्या वरिष्ठांपुढें ठेवतां येते. मेंडेलचा निबंधहि अशाच एका स्थानिक मंडळाच्या वृत्तांतांत चौतीस वर्षें पडून होता. स्थानिक मासिकांतील लिखाण हलकें, असें कोणीं समजूं नये.

तीन, आपल्या गांवांत पीककापणी प्रयोग असेल त्या दिवशीं तेथें हजर राहावें. दोरी सरळ आहे कीं नाहीं, कडेचीं रोपें नियमाप्रमाणें धरलीं कीं नाहीं, वजनकांटा बरोबर आहे कीं नाहीं, हें शांतपणें पाहावें. तुकडा फुगवूं नये व आंखडूंहि नये. आपल्या बाजूनें खोटा आंकडा मागणाऱ्यास दुसऱ्याच्या खोट्या आंकड्याविरुद्ध बोलण्याचा हक्क राहत नाहीं.

चार, शेतकरी मेळाव्यास एखादे विद्वान आले म्हणजे त्यांचे निबंध किती, हें ऐकून टाळ्या वाजविण्यापूर्वीं एक प्रश्न आदरानें विचारावा : ‘साहेब, आपलें काम कोणाच्या शेतांत पाहावयास मिळेल?’ ज्याचें काम शेतांत आहे त्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं, उलट तो आनंदानें शेताचा पत्ता सांगतो.

उल्लेखांची मोजणी टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. नजरेची आणेवारी होती तोंवर ती एक आधार होती. पण विळा व वजनकांटा आल्यावर नजरेवर विसंबणें हा आळस ठरला. विद्वानांच्या बाबतींत आज आपण नजरेच्या आणेवारीपाशींच उभे आहों. आंकडा बांधावरून दिसतो, पीक मात्र आंत शिरल्यावर कळतें. शेतकऱ्यांनीं आपली वही नेटकी लिहून पुढें केली, तर या दुसऱ्या मोजणीस आरंभ होईल, आणि जो संशोधक आपल्यासाठीं राबला त्याचें देणें निदान कागदावर तरी मान्य केल्यासारखें होईल.